साडेअकरा कोयते

पान ६४

"बारा कोयते कुठे आहेत?" पोलीस अधीक्षकांनी विचारलं.

"खाली," पद्मीनबाई म्हणाल्या. "ट्रकात बसल्यात."

स्टेनोची बोटं कळफलकावर थांबली. निरीक्षक भोईर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"ट्रकात. या कार्यालयाच्या आवारात?"

"आवारात कुठं येऊ देत्यात? फाटकाबाहीर हाय. दोन कोयते च्या प्यायला गेल्यात समोरच्या हाटेलात. बोलवू का?"

"नको!" भोईर जवळजवळ किंचाळले. ते खिडकीशी गेले, पडदा बोटभर सरकवून पाहिलं, आणि वायरलेसवर शीघ्र कृती दलाला दबक्या आवाजात काहीतरी सांगू लागले. त्यातले "ट्रक", "घेराव" आणि "हॉटेलकडे दोन जण पाठवा" एवढे शब्द मला ऐकू आले.

मी अधीक्षकांच्या डाव्या हाताला बसलो होतो. माझ्या पुढ्यातल्या पाटीवर 'विधी अधिकारी' असं लिहिलेलं होतं. अकरा महिन्यांचा करार, त्यातले सात झालेले. पोलीस जे करतात ते कायद्यात बसतं की नाही हे सांगणं माझं काम. बसत नसेल तर बसवून देणं हेही माझंच काम, पण ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

ही हद्दपारीची सुनावणी होती. टोळी करून दहशत माजवणाऱ्यांना अधीक्षक कलम पंचावन्नखाली दोन वर्षं जिल्ह्याबाहेर घालवू शकतात. पद्मीनबाईंना आमचा जिल्हा आणि शेजारचा जिल्हा असे दोन्ही बंद होणार होते. त्याआधी त्यांचं म्हणणं ऐकून घेणं कायद्याने भाग होतं, म्हणून त्या समोर उभ्या होत्या. वय सेहेचाळीस, हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, काखेत पिशवी. त्यांचं म्हणणं आतापर्यंत एवढंच होतं, "लवकर उरका सायेब, दिवस मावळायच्या आत पोचायचंय."

(पानांचे आकडे या प्रकरणाच्या नस्तीतले, म्हणजे फायलीतले आहेत. नस्तीची छायाप्रत अजून माझ्याकडे आहे. ती मी कधीच सरळ क्रमाने वाचू शकलेलो नाही. चौसष्टव्या पानापाशी आलो की तिसऱ्या पानाकडे परत जावंसं वाटतं.)

पान ३

परिपत्रक. सर्व पोलीस ठाण्यांना.

"आपल्या हद्दीत कार्यरत असलेल्या टोळ्या, त्यांचे प्रमुख, प्रत्येक टोळीतील कोयत्यांची संख्या व टोळीच्या हालचाली यांची माहिती सात दिवसांत सादर करावी. विलंब गांभीर्याने घेतला जाईल."

त्या दिवसांत मोठ्या शहरांतून कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या येत होत्या. वरून विचारणा झाली होती, की तुमच्या जिल्ह्यात काय परिस्थिती आहे. म्हणून हे परिपत्रक. खाली अधीक्षकांची सही.

पान ४ ते २०

सतरा ठाण्यांची उत्तरं. सतरा वेळा एकच शब्द: निरंक.

पान २१

अठरावं उत्तर. वाघदरा दूरक्षेत्राचे, म्हणजे तिथल्या छोट्या पोलीस चौकीचे, हवालदार महारुद्र मिसाळ यांनी सातव्या दिवशी पाच पानी तक्ता पाठवला. एकतीस टोळ्या. एकतीस टोळीप्रमुख, नाव, वय, गाव, मोबाईल क्रमांकासह. कोयत्यांची बेरीज चारशे बारा.

आमचे अधीक्षक महापात्र साहेब ओडिशाचे. मराठी अकादमीत शिकले होते आणि ती इतकी शुद्ध शिकले होते, की शिपाई त्यांच्यासमोर बोलायला घाबरायचे. बेरीज पाहून ते उभे राहिले.

"एका दूरक्षेत्रात चारशे बारा शस्त्रे? आणि आपण येथे निद्रिस्त आहोत?"

भोईर ठाणे शहरातून बदलून आलेले. त्यांनी तक्त्यावर बोट फिरवलं आणि सत्ताविसाव्या ओळीवर थांबवलं. "सर, हिच्यापासून सुरुवात करू. एकतिसांत एकच बाई आहे. पेपरला फोटोसकट लागेल."

सत्ताविसावी ओळ:

"पद्मीनबाई भ्र. लक्ष्मण ढाकणे, रा. वाघदरा. ही टोळीप्रमुख असून टोळीत बारा कोयते आहेत. टोळी दसऱ्याआधी उचल घेते व दिवाळीनंतर परजिल्ह्यात जाऊन भल्या पहाटे फडावर उतरते. टोळीवर बाईचा दबदबा आहे. आजवर एकही कोयता अर्ध्यातून पळालेला नाही. गुन्हे: निरंक."

"गुन्हे निरंक आहेत," मी म्हटलं होतं.

"तीच तर दहशत," भोईर म्हणाले. "बारा कोयते बाळगून एक गुन्हा दाखल नाही. तक्रार द्यायला कुणाची छाती होत नाही."

हद्दपारीच्या प्रत्येक प्रस्तावात एक ठरलेलं वाक्य असतं: सदर इसमाच्या भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत. ते मी घातलं. त्या दिवशी माझ्या टेबलावर चाळीस नस्त्या होत्या.

पान ३८

माझा अभिप्राय: "प्रस्ताव कायदेशीर निकषांत बसतो. नोटीस बजावण्यास हरकत नाही."

खाली माझी सही. सही चांगली आली आहे.

पान ६५

"आपण टोळीसह का आलात?" अधीक्षकांनी विचारलं.

"नोटिशीत लिवलंय की. टोळी सदस्यांसह समक्ष हजर राहावे. म्हणलं वाटंवरच हाय, सगळेच जाऊ."

नोटिशीत तसं लिहिलेलं होतं. ते वाक्यही मीच तपासलं होतं.

भोईरांनी उलटतपासणीला सुरुवात केली. खरं तर सुनावणीत ते त्यांचं काम नव्हतं, पण त्यांना कोण अडवणार.

"दसऱ्याच्या आधी तुम्ही उचल घेता, हे खरं?"

"न घेऊन कसं चालंल? उचल घेतल्याबिगर कोयता जागचा हलत नाय."

भोईरांनी स्टेनोकडे पाहिलं. "हे जसंच्या तसं घ्या." मग पुढे झुकून, "किती वर्षं चालू आहे हे?"

"माझं सतरा. मालकाचं त्याआधीपसनं. त्येची कंबर गेली तवा म्या हातात घेतलं."

"फडावर किती वाजता उतरता?"

"पहाटं चारला. थंडी लई असती."

"मग?"

"मग काय, दुपारपस्तोर साफ."

"साफ म्हणजे?"

"साफ म्हंजी साफ. मुळाशी छाटायचं. जरा वर ठिवलं तर वरून बोलणी बसत्यात."

"वरून?" भोईरांचा आवाज मऊ झाला. "वरून म्हणजे कोणाकडून, बाई? नाव सांगा. घाबरू नका."

"त्यात काय घाबरायचं? सायबाकडनं."

"कुठल्या साहेबाकडून?"

"आमचे सायेब येगळे."

दाराशी हवालदार मिसाळ उभे होते. तक्ता त्यांचा, म्हणून साक्षीला बोलावलेले. ते खोकले. आधी दोनदा खोकले होते.

"सर, एक शब्द बोलू का?"

"मिसाळ," भोईर वळून न पाहता म्हणाले, "पाणी प्या."

मिसाळ पाणी प्यायले.

अधीक्षकांनी पेन उचललं. ठरावीक प्रश्न उरला होता, तो विचारला की सुनावणी संपणार होती. "आपल्या टोळीत बारा कोयते आहेत, हे आपणांस मान्य आहे?"

"नाय," पद्मीनबाई म्हणाल्या.

सकाळपासून बाईंनी नाकारलेली ही पहिलीच गोष्ट. मी सावध झालो. भोईर टेबलावर हात आपटून म्हणाले, "आता फिरताय काय? मघाशी तर म्हणालात ट्रकमध्ये बसलेत!"

"बसलेतच की. पर बारा नायती. साडेअकरा."

"साडे?"

"अकरा पुरे. एक अर्धा."

अधीक्षकांनी ते लिहून घेतलं आणि लिहिलेल्याकडे पाहत राहिले. "अर्धा कोयता. म्हणजे भग्न?"

"आँ?"

"तुटलेला का, असं विचारतायत," मी सोपं करून सांगितलं.

"तुटलेलाच म्हना सायेब. आसराजी हाय आमचा. चैतात बायकू वारली त्याची. तवापसनं अर्धा कोयता. येकट्या माणसाला कोन घेतंय टोळीत? म्या घेतला. रडतो मधी मधी, पर छाटतो चांगला."



मग महापात्र साहेबांनी अगदी हळू, शब्द जपून ठेवत विचारलं, "पत्नी निवर्तली, म्हणून कोयता अर्धा?"

"मग? नवराबायकू मिळून येक कोयता. तुमच्याकडं कसं मोजत्यात?"

मिसाळांना आता कुणी अडवलं नाही. ते दारातूनच म्हणाले, "ऊसतोड, सर. ऊसतोडीची टोळी आहे. बाई मुकादम आहेत."

पान ६६

या पानावर काहीच नाही. स्टेनोला काय लिहावं ते सुचलं नसावं.

मी राजापूरचा. आमच्याकडे कोयता म्हणजे शहाळं फोडायचं हत्यार, आणि ते एका माणसाच्या हातात मावतं. भोईरांच्या ठाणे शहरात तो रात्री दुचाकीच्या डिकीत सापडायचा. अधीक्षकांच्या अकादमीतल्या पुस्तकात 'कोयता: नाम, पुल्लिंग' एवढंच होतं. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखभर माणसं जोडीजोडीने मोजली जाऊन ऊस तोडायला जातात, मुकादम टोळी बांधतो, जोडीला कोयता म्हणतात, आगाऊ मिळते ती उचल, ऊस उभा असतो तो फड. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. ठाऊक नव्हतं ते त्या दालनातल्या आम्हा तिघांना. आणि त्या तिघांच्याच सह्या लागत होत्या.

अधीक्षक खिडकीशी गेले. मीही मागे गेलो.

खाली ट्रकभोवती शीघ्र कृती दलाचे नऊ जवान बंदुका रोखून उभे होते. ट्रकात गाठोडी, हंडे, दोन शेळ्या, टोपलीखाली कोंबड्या आणि त्यातून जागा काढून बसलेली माणसं. एका बाईला खाली उतरायचं होतं. तिने कडेवरचं पोर सरळ जवळच्या जवानाच्या हातात दिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरली आणि लुगडं सारखं करत बाजूला गेली. जवानाच्या एका हातात बंदूक, दुसऱ्यात पोर. पोराने त्याच्या शिट्टीची दोरी तोंडात घातली.

हॉटेलातून चहा पिणारे दोन कोयते, म्हणजे चार माणसं, हात वर करून येत होती. एकाच्या वर केलेल्या हातात भज्यांचा पुडा होता.

"बंदुका खाली घेण्यास सांगा," महापात्र साहेब म्हणाले.

पान नाही

हा भाग नस्तीत नाही.

भोईर सगळ्यांत आधी सावरले. "सर, सरळसरळ दिशाभूल आहे. मिसाळनं जाणूनबुजून तक्ता पाठवला. मी आजच निलंबनाचा प्रस्ताव देतो."

मिसाळांची सेवा एकोणतीस वर्षं झालेली. ते म्हणाले, "सर, परिपत्रकात विचारलं तेच मी लिहिलं. टोळ्या किती, प्रमुख कोण, कोयते किती, हालचाल कधी. आमच्याकडं याचा एकच अर्थ होतो, सर. मला वाटलं सरकार या साली ऊसतोडवाल्यांसाठी काहीतरी करतंय. म्हणून घरोघर फिरून आणलं. बाकीच्यांनी निरंक लिहिलं, मला ते बरं वाटलं नाही."

"परिपत्रकाचे शब्द कोणी योजले?" अधीक्षकांनी विचारलं.

भोईर छताकडे पाहू लागले. पंखा हळू फिरत होता. माझ्या करारातले चार महिने उरले होते आणि मुदतवाढीच्या अर्जावर याच माणसाचा शेरा लागणार होता. 'टोळीतील कोयत्यांची संख्या' हे शब्द मी एका दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, अगदी समाधानाने टंकले होते. शब्द नेमके आहेत असं मला तेव्हा वाटलं होतं. आणि ते नेमके होतेच.

मी खिडकीपासून वळलो. 

"मी, सर," मी म्हणालो. "मसुदा माझा आहे. मिसाळांनी योग्य उत्तर दिलं. प्रश्न चुकीचा होता."

महापात्र साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले की नाही ते कळलं नाही. शुद्ध मराठीत माणूस रागावला तर लवकर कळत नाही.

"मग उपाय सोपा आहे," ते म्हणाले. "नोटीस रद्द. पद्मीनबाई, झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण जाऊ शकता."

"रद्द?" पद्मीनबाई म्हणाल्या. "रद्द म्हंजी फाडनार?"

"होय."

"नको सायेब! पाया पडते. काय बी करा, पर फाडू नका."

त्यांनी काखेतली पिशवी छातीशी धरली, मग तिच्यातून आमची नोटीस काढली. प्लॅस्टिकच्या आवरणात पक्की बसवून घेतलेली. अशोकस्तंभाचा शिक्का चकाकत होता.

"लॅमिनेशन?" भोईरांनी विचारलं.

"तीस रुपय घेतलं तालुक्याला."

मग त्यांनी सांगितलं ते असं. नवऱ्याची कंबर मोडल्यापासून टोळी त्याच बांधत होत्या. माणसं त्याच जमवायच्या, भांडणं त्याच मिटवायच्या, आजाऱ्याला दवाखान्यात त्याच न्यायच्या. पण कारखान्याच्या करारावर नाव दीर भानुदासचं. बाई मुकादम नसते, असं कारखान्याचं म्हणणं.

"दरसाली जाते मी. शेतीखात्याचा कारकून म्हनतो, तू टोळीची मुकादम कशावरनं? कागद दाव. रेशनकार्ड दावलं, त्यात मालक परमुख. आधार दावलं, त्यात नुसतं नाव. गावातनं लिवून आनलं, तर म्हनतो हे कुनीबी देतंय, सरकारी दाव. आन् ह्या साली," त्यांनी नोटिशीवर हात ठेवला, "हे आलं. घरपोच. हवालदारानं सही घेऊन दिलं."

"आणि ते तुम्ही कारखान्यात नेलंत?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिशी! टेबलावर ठिवलं. कारकून वाचाया लागला, मोठ्यानं. टोळीप्रमुख, पद्मीनबाई भ्रतार लक्ष्मण. टोळीत बारा कोयते. टोळीवर बाईचा दबदबा. आजवर येकबी कोयता अर्ध्यातनं पळाला नाय. सायेब, वाचता वाचता उटून हुबा राह्यला त्यो! म्हनला मावशी, असं सर्टिफिकेट तर आमी कुनाचं पायलं नाय. खुर्ची दिली. करार लिवला माझ्या नावानं. फकस्त म्हनला, सुनावणी हाय तिचा निकाल आनून दाव, मंग सही."

"पण बाई," मी म्हणालो, "ती नोटीस तुम्हाला दोन वर्षं हद्दपार करायची आहे. ती कायम केली तर कारखान्याच्या, म्हणजे शेजारच्या, जिल्ह्यातच पाय ठेवता येणार नाही."

"हद्दपार?" त्यांनी हातच झटकला. "आमी सा महिनं हद्दपारच असतो की दरसाली. आमाला काय त्येचं? पर त्यो जिल्हा सोडून दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यातनं करा की हद्दपार."

महापात्र साहेबांनी डोळे मिटले. "कायद्यात दोनच मार्ग आहेत. नोटीस कायम करणे, अथवा रद्द करणे. कायम केली तर ह्यांना कारखान्यात जाता येत नाही. रद्द केली तर ह्या टोळीप्रमुख उरत नाहीत." डोळे उघडून ते माझ्याकडे वळले. "विधी अधिकारी, आपला अभिप्राय?"

खाली ट्रकवाल्याने हॉर्न दिला. तो आता दर पाच मिनिटांनी देत होता.

"अर्धा तास द्या, सर," मी म्हणालो.

पान ६७ ते ६९

आयुष्यात मी जे काही लिहिलं त्यात ही तीन पानं मला पाठ आहेत. स्टेनोशेजारी खुर्ची ओढून बसलो. पद्मीनबाई मागे उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत होतं, हळूहळू, बोट धरून. प्रत्येक ओळीला त्यांचं काहीतरी म्हणणं होतं.

"'जाबदेणार टोळीप्रमुख असल्याचे सुनावणीत निर्विवाद सिद्ध झाले आहे.' चालेल?"

"जाबदेणार काहून? नाव घाला की."

नाव घातलं.

"'टोळीवर त्यांचा संपूर्ण ताबा असून त्यांच्या शब्दाबाहेर एकही कोयता नाही.'"

"आसं! आन् भानुदासचं लिवा. त्यो काय बी नाय म्हनून."

"तसं नाव घेऊन लिहिता येत नाही. त्यांना नोटीसच नाही."

"मग त्यालाबी द्या येक नोटीस."

अधीक्षक आपल्या खुर्चीतून म्हणाले, "लिहा, 'सदर टोळीस अन्य कोणीही प्रमुख असल्याचे निष्पन्न झाले नाही.'"

पद्मीनबाईंनी बोट धरून ती ओळ दोनदा वाचली. "ह्ये सायबाचं चांगलं हाय. तुमच्यापरीस."

"'टोळीत साडेअकरा कोयते असल्याचे त्यांनी मान्य केले आहे,'" मी पुढे वाचलं.

"बारा करा."

"तुम्हीच तर साडेअकरा म्हणालात. शपथेवर."

"मोजायला इचारलं तवा मोजून सांगितलं. खोटं कशाला बोलू? पर लिवू नका तसं. ह्यो कागद सगळ्यांम्होरं वाचायचाय. आसराजी ऐकंल. कागदावर अर्धा लिवला तर जल्मभर अर्धाच ऱ्हाईल त्यो."

मी अधीक्षकांकडे पाहिलं. साक्षीत साडेअकरा आणि आदेशात बारा, हे कुठल्याही वकिलाने दोन मिनिटांत उडवून लावलं असतं. साहेबही तेच म्हणाले, "आदेशास आधार हवा."

"आधार आहे, सर," दाराकडून आवाज आला. मिसाळ पुढे आले होते. आता त्यांचा घसा साफ होता. "माझ्या तक्त्यात बाराच आहेत. मी आसराजीला पुराच धरला होता."

साहेबांनी मान हलवली. तक्ता, पान एकवीस, याचा हवाला देऊन आम्ही बारा लिहिले.

शेवटचं कलम राहिलं. मी वाचून दाखवलं, "'सदर टोळी ऊसतोडणीची असल्याने तिच्या हालचालींपासून कोणासही धोका नाही. सबब कार्यवाही बंद करण्यात येत असून टोळीस कोठेही जाण्याची मुभा राहील.'"

महापात्र साहेबांनी मसुदा मागून घेतला, टोपण काढलं आणि एका जागी दोन शब्द वर लिहून बाण केला. ओळ अशी झाली: "तिच्या हालचालींपासून उसाव्यतिरिक्त अन्य कोणासही धोका नाही."

ते हसले नाहीत. सही करताना खालचा ओठ तेवढा दातांत धरला होता.

"सर, प्रेसनोटचं काय करायचं?" भोईरांनी विचारलं. "'बारा कोयते असलेल्या टोळीचा बंदोबस्त' असा मथळा आधीच दिलाय."

"असू द्या. बंदोबस्त झालाच आहे."

फाटकाबाहेर

पद्मीनबाईंना आदेश स्वतः वाचायचा नव्हता. "माझ्या तोंडनं कोन खरं मानंल? तुमी वाचा. काळा कोट घालून."

मी कोट घातला. ट्रकच्या मागच्या फळीशी उभा राहून वाचायला लागलो तेव्हा शीघ्र कृती दलाचे जवानही जवळ आले. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी पांढरा सदरा घातलेला एक माणूस बसला होता. पहिल्या कलमाला त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. 'अन्य कोणीही प्रमुख असल्याचे निष्पन्न झाले नाही' याला ते आत घेतलं. तो भानुदास.

"टोळीत बारा कोयते," मी वाचलं.

गाठोड्यांमागून कुणीतरी ओरडलं, "आसराजी, पुरा झालास की रं! पोलिसांनी लावून दिलं तुझं!"

सगळा ट्रक हसला. शेळ्यांच्या बाजूला बसलेला एक काळा, किडकिडीत माणूसही हसला आणि मग उपरण्यात बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

वाचून झाल्यावर मी कागद दिला. पद्मीनबाईंनी तो नोटिशीच्या प्लॅस्टिकला लावून पिशवीत ठेवला आणि केबिनच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.  उन्हात, कमरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या. ड्रायव्हर समोर बघत राहिला. थोड्या वेळाने दार उघडलं. भानुदास उतरला, सदरा झटकला, "वैनी, मागं हवा चांगली लागती," असं म्हणाला आणि फळीवरून चढून शेळ्यांशेजारी जाऊन बसला.

शेवटचं

मार्चमध्ये माझ्या मुदतवाढीच्या अर्जावर अधीक्षकांचा शेरा आला. "मसुदालेखन उत्तम. तथापि लिहिण्यापूर्वी हवालदार मिसाळ यांचा सल्ला घेण्याच्या अटीवर मुदतवाढ मंजूर." पुढची सहा वर्षं मी त्या जिल्ह्यात होतो. त्या काळात माझं एकही परिपत्रक मिसाळांनी वाचल्याशिवाय बाहेर पडलं नाही. ते निवृत्त झाले त्यानंतरही मी फोनवर वाचून दाखवायचो.

पण त्याआधी, पुढच्याच वर्षी, दसऱ्याच्या आठवड्यात आवक शाखेतून चार अर्ज माझ्या टेबलावर आले. चार वेगवेगळ्या गावांचे, चारही बायकांचे, एकाच हस्ताक्षरात लिहून घेतलेले. प्रत्येकाला रेशनकार्डाची प्रत जोडलेली. त्यांवर माझा अभिप्राय मागितला होता.

"विषय : हद्दपारीची नोटीस मिळणेबाबत.

महोदय, मी दहा वर्षांपासून टोळी चालवत असून माझ्याकडे चौदा कोयते आहेत. वाघदऱ्याच्या बाईस आपण नोटीस दिली, तिच्यापेक्षा माझे कोयते दोनने जास्त आहेत. तरी मला अद्याप धोकादायक ठरविण्यात आलेले नाही. कृपया विचार व्हावा. करार वीस तारखेस आहे."